खरखर आणि उष्णता

मध्यम लहरींवर 792 किलोहर्ट्झला आकाशवाणीचं पुणे केंद्र लागतं. परवा ते ऐकत असताना शेजारी एक स्वस्तातला एलईडी बल्ब लावला आणि बातम्या खरखरीत बुडाल्या. बल्ब बंद केला, आवाज पुन्हा स्वच्छ. बल्ब उघडून पाहिला. बोर्डावर फिल्टरच्या चोकसाठी, म्हणजे गोंगाट अडवणाऱ्या वेटोळ्यासाठी, दोन भोकं होती, पण चोक नव्हता. तिथे तारेचा तुकडा डाग देऊन बसवलेला. बाजूचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर डोक्यावर फुगलेला.

रेडिओला होणारा उपद्रव आणि उपकरणाचं आयुष्य यांची खाती आपण वेगळी ठेवतो. मला तो एकच हिशेब वाटतो.

बल्बच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, घरातल्या 230 व्होल्टचे आधी सुमारे 325 व्होल्ट डीसी होतात. मग मॉस्फेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच प्रवाह सेकंदाला हजारो वेळा जोडतो-तोडतो. ही तोड जितकी झटकन, तितका मॉस्फेट कमी तापतो. पण तितकाच गोंगाट वर मेगाहर्ट्झपर्यंत चढतो. मॉस्फेटच्या गेटचा रेझिस्टर वाढवला तर गोंगाट उतरतो आणि उष्णता वाढते. डिझायनरची सारी कसोटी इथेच आहे. अनेक चार्जर 65 किलोहर्ट्झवर चालतात, त्यामागेही हेच गणित. तारेतून परत जाणाऱ्या व्यत्ययाची त्यांची मोजणी 150 किलोहर्ट्झपासून सुरू होते आणि 65 ची दुप्पट 130, म्हणजे त्या रेषेच्या आतच राहते.

सर्वांत स्वस्त उपाय कागदावरच होतो. मॉस्फेट, डायोड आणि कपॅसिटर यांतून झपाट्याने बदलणारा प्रवाह ज्या वळशाने फिरतो, तो वळसा लहान ठेवायचा. मोठा वळसा म्हणजे अँटेनाच. त्यानंतर गोंगाट दाबणारे भाग: स्नबर, चोक, एक्स आणि वाय कपॅसिटर. वाय कपॅसिटर हवा तेवढा मोठा घेता येत नाही, कारण त्यातून गळणारा प्रवाह माणसाला लागतो. अर्थिंग नसलेल्या घरात लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, त्या याच्याच. स्विचिंगची वारंवारता थोडी हलती ठेवण्याची युक्ती मोजणीतलं शिखर बुटकं करते, ऊर्जा मात्र तेवढीच राहते. तिच्यावर विसंबून चोक गाळणं मला पटत नाही.

आता फुगलेला कपॅसिटर. 105 अंशांना 2000 तासांचा कपॅसिटर 95 ला साधारण 4000, 85 ला 8000 तास टिकतो. दर 10 अंशांना आयुष्य दुप्पट. बंद बल्बमध्ये एलईडी आणि ड्रायव्हर एकमेकांना भाजत राहतात. आतला द्रव सुकतो, अंतर्गत रोध वाढतो, त्याने कपॅसिटर आणखी तापतो आणि गाळायचं कामही नीट करेनासा होतो. म्हातारा ड्रायव्हर म्हणूनच जास्त खरखरतो.

कारखान्यात हाच गोंगाट लोखंड खातो. व्हीएफडीवर, म्हणजे वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, चालणाऱ्या मोटरच्या शाफ्टवर व्होल्टेज साठतं, ते बेअरिंगच्या वंगणातून ठिणगीने फुटतं आणि बेअरिंगच्या धावेवर आडव्या पन्हाळ्या कोरल्या जातात. सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइडचे नवे स्विच साध्या सिलिकॉनच्या मॉस्फेटहून कितीतरी झपाट्याने प्रवाह जोडतात-तोडतात. तिथे लेआउटची चूक लपत नाही.

व्यत्ययाला मर्यादा घालणारी आंतरराष्ट्रीय समिती, सिस्पर, 1934 सालची. चाचणीची सोय आपल्याकडेही आहे: समीर, एआरएआय या संस्थांमध्ये. पुण्याजवळच्या भोसरीतल्या छोट्या कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे, माल तयार झाल्यावर नव्हे, पहिला बोर्ड हातात आल्यावरच चाचणीला न्या. आणि चोकसाठी पाडलेल्या भोकांत चोकच बसवा.