हाडाच्या पेशी वाढल्या, पण बळामुळे की खुराकामुळे?

हाड म्हणजे एकदा बनलेला टणक सांगाडा, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. प्रत्यक्षात हाड सतत झिजवलं आणि पुन्हा बांधलं जातं. कुठे किती बांधायचं, हे बरंचसं त्यावर पडणाऱ्या भारावर ठरतं. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये ही कल्पना पुस्तकात सविस्तर मांडली. टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट अंतराळात भारच नसल्यामुळे अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्यांनी घटते.

आता आपल्या विषयाकडे येऊ. टिश्यू इंजिनिअरिंगमध्ये अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल्स सच्छिद्र स्कॅफोल्डवर वाढवतात. मग तिथेही त्यांना बळ द्यायला हवं का?

त्याआधी एक कोडं बघा. आपण पळतो तेव्हासुद्धा हाड फार तर ०.२ ते ०.३ टक्के ताणलं जातं. पण डिशमधल्या पेशी प्रतिसाद देण्यासाठी सहसा १ टक्का किंवा त्याहून जास्त ताण लागतो. मग शरीरातल्या पेशींना भार कळतो कसा? याचं सर्वाधिक मान्य उत्तर म्हणजे द्रवाचा प्रवाह. हाडातल्या ऑस्टिओसाइट पेशी बारीक पोकळ्यांत असतात आणि त्या पोकळ्या सूक्ष्म नलिकांनी जोडलेल्या असतात. हाडावर भार आला की ओला स्पंज दाबल्यासारखा आतला द्रव सरकतो आणि पेशींना घासून जातो. या घासण्यातून पेशीवर येतो तो शिअर स्ट्रेस. पेशीच्या आवरणातली इंटिग्रिन प्रथिनं बाहेरच्या आधाराला आणि आतल्या ॲक्टिन तंतूंना जोडलेली असतात, त्यामुळे बाहेरचा ओढा थेट आत पोचतो. पिएझो-१ सारखे आयन चॅनेल उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि पुढे जनुकांचं काम बदलतं.

म्हणून प्रयोगशाळेत परफ्युजन बायोरिॲक्टर वापरतात. यात पंपाने पोषक मीडियम स्कॅफोल्डच्या छिद्रांतून वाहतं ठेवतात. स्थिर डिशपेक्षा यात जास्त खनिज जमा होतं. झालं सिद्ध?

नाही! खरी गोम इथेच आहे. प्रवाह वाढवला की शिअर स्ट्रेस वाढतो, पण त्याच वेळी आतल्या पेशींना ऑक्सिजन आणि ग्लुकोजही जास्त मिळतं. मग हाड बनलं ते बळामुळे की चांगल्या खुराकामुळे? दोन गोष्टी एकदम बदलल्या तर उत्तर मिळत नाही.

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या गटाने २००३ मध्ये यावर सुंदर युक्ती काढली. शिअर स्ट्रेस म्हणजे द्रवाचा दाटपणा गुणिले वेगातला फरक. त्यांनी प्रवाहाचा दर तोच ठेवला आणि मीडियममध्ये डेक्स्ट्रन घालून दाटपणा दुप्पट, तिप्पट केला. दर मिनिटाला येणारं अन्न तेवढंच, घर्षण मात्र जास्त. शिवाय दाट द्रवात रेणू हळू पसरतात, म्हणजे खुराक सुधारण्याचा प्रश्नच नाही. उंदरांच्या मज्जापेशींनी टायटॅनियमच्या जाळीवर दाटपणानुसार जास्त कॅल्शियम जमा केलं. बळाचा वेगळा वाटा असा दिसला.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. डेक्स्ट्रनचाच काही रासायनिक परिणाम असेल, अशी शंका कुणी घेतली तर कोणता कंट्रोल लावाल? एक सोपा पर्याय म्हणजे प्रवाह नसलेल्या डिशमध्ये तेवढंच डेक्स्ट्रन घालायचं. तिथे फरक पडला नाही, तर शंका बरीच मिटते.

यापुढे ‘मेकॅनिकल स्टिम्युलेशनमुळे ऑस्टिओजेनिक डिफरन्सिएशन वाढलं’ असं वाक्य पेपरमध्ये दिसलं, की लगेच मेथड्स उघडा. बळासोबत आणखी काय बदललं, ते आधी शोधा. स्वतःचा प्रयोग आखताना हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारा. व्हायव्हात तो विचारला जाणारच आहे!