फुगे, हातमोजे आणि रक्ताचा रिपोर्ट

भाच्याचा पहिला वाढदिवस होता, कल्याणला नणंदेकडे. फुगे फुगवायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. वीसेक फुगे झाले असतील, ओठ चुरचुरायला लागले. केक कापेपर्यंत वरचा ओठ एवढा सुजला, की जो तो विचारतोय, मधमाशी चावली का?

भांडी घासताना रबरी हातमोजे घातले की मनगटापर्यंत लाल गांध्या उठतात, हे मला चार वर्षं माहीत होतं. पण मी दोष द्यायचे साबणाला!

डोंबिवलीला परतल्यावर जास्तीचा शहाणपणा केला. परस्पर लॅबमध्ये जाऊन भलंमोठं अॅलर्जी पॅनल करून आले. टोटल आयजीई वाढलेलं, शिवाय वांगं आणि शेंगदाण्यापुढे ‘सौम्य’ असा शेरा. झालं, महिनाभर घरात वांगं नाही की दाण्याचं कूट नाही. सासूबाई वैतागल्या. हात मात्र तसेच.

ठाण्याच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तो गठ्ठा चाळला आणि विचारलं, ‘‘अहो, यात लेटेक्स कुठे आहे?’’ नव्हतंच. टोटल आयजीई जंतांनी, दम्यानेही वाढतं. आणि वांगं खाऊन कधी त्रास झाला नसेल, तर नुसत्या आकड्यासाठी ते सोडायचं कारण नाही.

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. त्यातल्या प्रथिनांची काहींना अॅलर्जी होते. ‘‘केळं, पपई, किवी खाल्ल्यावर घसा खाजतो का?’’ हेही बाईंनी विचारलं, कारण या फळांमधली काही प्रथिनं चिकातल्यासारखीच असतात. मग फक्त लेटेक्सची आयजीई तपासणी झाली. लॅबमध्ये रक्तातलं द्रव लेटेक्सच्या प्रथिनांवर सोडतात. आपल्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडं केली असतील, तर ती तिथे चिकटतात आणि मोजता येतात. ०.३५च्या वर आकडा गेला की सहसा पॉझिटिव्ह धरतात. माझा बराच वर होता. या तपासणीसाठी अॅलर्जीच्या गोळ्या बंद कराव्या लागत नाहीत. त्वचेवर टोचून करायच्या चाचणीला मात्र त्या काही दिवस थांबवतात, आणि ती डॉक्टरांसमोरच करायची असते. पण खरी अॅलर्जी असूनही काहींचा रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो, म्हणून तुमची हकिगत रिपोर्टाइतकीच महत्त्वाची.

शेजारच्या वहिनींची गोष्ट वेगळी. त्यांच्या हातांना हातमोज्यांनी दुसऱ्या दिवशी पुरळ येतं, कातडी फाटते. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही तेच. त्यांचं रक्त निर्दोष निघालं. हा त्रास चिकाचा नसून रबर बनवताना घालतात त्या रसायनांचा असतो, आणि तो पॅच टेस्टमध्येच कळतो. पाठीवर औषधांच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवस ठेवायच्या, काढल्यावर पाहायचं, पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहायचं. तोवर पाठ भिजवायची नाही, घामही नको. डोंबिवली लोकलने जाणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे थट्टाच! वहिनींनी सरळ रजा टाकली.

गंमत म्हणजे, १९७९ साली ब्रिटनमध्ये या अॅलर्जीची जी नोंद झाली, ती घरकामाचे हातमोजे वापरणाऱ्या एका गृहिणीची होती. पुढे एड्सच्या भीतीने दवाखान्यांत हातमोज्यांचा वापर वाढला आणि डॉक्टर-नर्सही या त्रासात सापडू लागल्या. मोज्यांच्या पावडरीबरोबर ही प्रथिनं हवेत उडतात. अमेरिकेने २०१७ साली पावडरवाले वैद्यकीय मोजे बंदच केले.

मला हे सगळं कळणं गरजेचं होतं, कारण पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. पोटाच्या आत लेटेक्सचा मोजा लागला, तर भुलेत असतानाच रक्तदाब कोसळू शकतो, श्वास अडू शकतो. हे ऐकून माझे हातपाय गारच पडले. रिपोर्ट घेऊन सर्जनांकडे आणि भूलतज्ज्ञांकडे आधीच गेले. त्यांनी फाइलवर लाल शाईत लिहिलं, लेटेक्स नसलेलं सामान मागवलं आणि मला सकाळी पहिल्या नंबरावर घेतलं, खोलीत आदल्या ऑपरेशनची पावडर नको म्हणून.

भाच्याच्या दुसऱ्या वाढदिवसाला नणंदेने कागदाच्या झिरमिळ्या लावल्या. कापायचं काम अर्थातच माझ्याकडे.