बाळंतविड्यात काय असावे, काय नसावे

पहिले बाळंतपण माहेरी, ही मराठवाड्याची रीत आपल्या घरांतही तितकीच पाळली जाते. सातवा महिना सरला की नांदेडच्या इतवारा भागात किंवा लातूरच्या गंजगोलाईत नानी, मामी, खाला खरेदीला निघतात. झबली, टोपडी, दुपटी, कुंची घेऊन झाली की दुकानदार कपाटातून एक चकचकीत 'गिफ्ट सेट' काढून समोर ठेवतो. त्यात पावडर, लोशन, शाम्पू, साबण असतो. कधी दुधाची बाटलीही असते. सासरच्यांनी नाव ठेवू नये म्हणून तो घेतला जातो. रोजंदारीवर चालणाऱ्या घरातही त्यासाठी हातउसने पैसे काढले जातात. आम्ही असे पुष्कळ सेट पाहिले. थर्मामीटर मात्र एकातही दिसला नाही.

नवजात बाळाला लागते फार थोडे. आणि वडीलधाऱ्यांच्या मायेने किंवा दीनच्या नावाने आपण त्याच्या डोळ्याला, तोंडाला, अंगाला जे जे लावतो, त्यातल्या काही वस्तू दीनने मागितलेल्याच नाहीत.

सुरम्याचेच घ्या. छठीला बाळाला न्हाऊ घातले की दादी किंवा फुप्पी त्याच्या डोळ्यांत सुरमा नाहीतर काजळ घालते. सुरमा उरुसातल्या दुकानातून आणलेला असतो, किंवा उमऱ्याहून आलेल्या नातेवाइकाने दिलेला. म्हणून त्यावर शंका घेणेही बेअदबी वाटते. हदीसमध्ये ज्याची शिफारस आली आहे तो 'इस्मिद' नावाचा सुरमा. बाजारात सुरमा म्हणून विकला जाणारा काळा दगड पुष्कळदा गॅलिना असतो, म्हणजे शिशाचे खनिज. नुसत्या नजरेने दोन्हींत फरक कळत नाही. बाटलीवर 'असली इस्मिद' छापले किंवा मदिन्याचे चित्र लावले, म्हणून आतला दगड बदलत नाही.

शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही मात्रा माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ डोळे चोळते, तीच मूठ तोंडात घालते, आणि शिसे पोटात जाते. ते रक्त कमी करते, वाढत्या मेंदूला इजा करते. हे त्या दिवशी कुणाला दिसत नाही, म्हणून तर पटत नाही. पाच-सहा वर्षांनी मूल मदरशात किंवा शाळेत मागे पडते, तेव्हा छठीचा सुरमा कुणाला आठवणार? घरी दिव्याच्या काजळीचे केलेले काजळ तुलनेने बरे, असे म्हणतात. पण बोटाबरोबर डोळ्यात जाणारा मळ आणि काजळीचे कण तिथेही आहेतच. काजळाने डोळे मोठे होत नाहीत. डोळ्यांचा आकार आईबापांकडून येतो.

'आमच्या पिढीला सगळ्यांना घातले, कुणाचे काय बिघडले?' हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. त्यावर वाद घालण्यापेक्षा नव्या आईने एवढेच म्हणावे : दादीजान, इस्मिद मोठ्यांसाठी राहू द्या, तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत घालाच, असा हुकूम कुठे आहे? आणि नजरेची भीती असेल तर त्याचा उपाय प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच दाखवला आहे. ते हजरत हसन आणि हजरत हुसैन (रजि.) यांच्यासाठी अल्लाहकडे पनाह मागत, सहीह बुखारीत त्याची नोंद आहे. ती दुआ आजीने पाठ करावी आणि रोज बाळावर दम करावा. गळ्यातला काळा दोरा आणि त्यातला ताईत यांचे काम त्यातच होते. तो दोरा झोपेत गळ्याला आवळू शकतो, आणि ताईत सुटला तर थेट बाळाच्या तोंडात जातो.

मधाचेही तसेच. तहनीक सुन्नत आहे आणि हदीसमधली तहनीक खजुराची आहे. खजूर हाताशी नसला की मधाचे बोट लावण्याची सवय पडली, आणि आता तर सेटबरोबर मधाची छोटी बाटलीही घेतली जाते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचे काही चालत नाही. तान्ह्याच्या आतड्यात ते विष तयार करतात. बाळ मलूल पडते, चोखणे थांबते, श्वासापर्यंत गोष्ट जाते. उकळल्याने किंवा 'घरचा शुद्ध मध' असल्याने हा धोका टळत नाही. तहनीक करायचीच आहे तर मऊ खजुराचा अगदी पुसट लेप, धुतलेल्या बोटाने, टाळूच्या आतल्या बाजूला. गर असा गिळायला द्यायचा नाही. जो करणार आहे त्याला सर्दी-खोकला किंवा ओठावर फोड असेल तर त्याने थांबावे, मग तो कितीही बुजुर्ग असो. बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल तर डॉक्टरांना विचारून.

अकीक्याच्या दिवशी जावळ काढायचे असते आणि केसांच्या वजनाइतकी चांदी सदका करायची असते. त्यासाठी बाळंतविड्यात दहा रुपयांची एक वस्तू ठेवावी : न उघडलेले नवे ब्लेड. न्हावी घरी आला की त्याच्या पेटीतला वस्तरा नको, आपले ब्लेड त्याच्यासमोर फोडून द्यावे. एकाच पात्याने अनेकांचे डोके केले तर काविळीचे विषाणू एकाच्या रक्तातून दुसऱ्याकडे जातात. त्यात कुणाचा अपमान नाही. चांगले कारागीर आता स्वतःच नवे पाते मागतात. डोके केल्यावर जंतुनाशकाने चोळू नये, कोमट पाण्याने पुसून कोरडे करावे. थंडीत लगेच टोपडे घालावे, कारण एवढ्याशा जिवाची बरीच ऊब डोक्यातून जाते. सातव्या दिवशी बाळ काचेच्या पेटीत असेल तर चौदावा आणि एकविसावा दिवस आहेच.

मालिशबद्दल आमचा आजीशी काही वाद नाही. हलक्या हाताची मालिश बाळाला मानवते. तेल खोबऱ्याचे किंवा तिळाचे, साधे, वास न घातलेले. मोहरीचे तेल कोवळ्या कातडीला झोंबते. कानात, नाकात आणि नाळेच्या देठावर तेल घालायचे नाही. नाळेला हळद, राख, पावडर, काहीच लावायचे नाही. कोरडी ठेवली की ती साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत गळते. लव जावी म्हणून डाळीच्या पिठाने खसाखसा चोळतात, ते थांबवा. लव आपोआप जाते. बंद खोलीत शेगडी ठेवून ओव्या-लोबानची धुरी देणे तर बाळ आणि बाळंतीण दोघांच्या श्वासाशी खेळ आहे.

पावडरबद्दल आपल्याच राज्यातली गोष्ट आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंड येथील कारखान्याचा बेबी पावडरचा परवाना रद्द केला. पुणे आणि नाशिकच्या नमुन्यांत सामू ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळला, असे कारण दिले होते. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. पण घरापुरता प्रश्न वेगळाच आहे : पावडर लागतेच कशाला? ती हवेत उडते, बाळाच्या श्वासात जाते, आणि मांडीच्या वळ्यांत घामाने तिचा लगदा होतो. नांदेड-लातूरच्या मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा घामोळ्यांवर उपाय म्हणजे मलमलचे एकच झबले आणि ओल्या कपड्याने पुसणे. त्या उन्हात हातमोजे, पायमोजे आणि लोकरीची टोपी घालून ठेवलेली बाळे आम्ही पाहतो, तेव्हा कीव येते.

लंगोट की डायपर, यावर मात्र आम्ही कुणाला दोष देणार नाही. जुन्या सुती लुंगीचे, दुपट्ट्याचे धुतलेले लंगोट सर्वांत चांगले, हे खरे. पण ते धुवायला पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते याच लातूरला. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. ज्या वस्तीत आजही नळाला आठवड्याने पाणी येते तिथल्या आईला 'लंगोटच वापरा' हे सांगणे सोपे आहे. शिवाय त्याच खोलीत दादीची नमाज असते, कपडे पाक ठेवायचे असतात. तेव्हा दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर, असा मधला मार्ग बऱ्याच घरांनी काढला आहे. डायपर तीन-चार तासांनी बदलायचाच. एक डायपर रात्रभर पुरवला तर वाचलेले पैसे पुरळाच्या मलमात जातात.

दुधाची बाटली मात्र घेऊच नका, भेट आली तरी वापरू नका. १९९२ च्या कायद्याने आपल्या देशात दुधाच्या बाटल्यांची आणि डब्याच्या दुधाची जाहिरात करायलाच बंदी आहे. सूरह बकरहमध्ये पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, आणि डॉक्टर सांगतात की पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको : पाणी नको, घुटी नको, ग्राइप वॉटर नको. कमी वजनाच्या बाळाला काढून दूध पाजायची वेळ आली तर स्टीलची वाटी आणि छोटा चमचा पुरतो. तो उकळता येतो.

मग घ्यायचे काय? राज्य सरकारने २०१९ मध्ये बेबी केअर किट योजना सुरू केली. सरकारी दवाखान्यात पहिले बाळंतपण झालेल्या आईसाठी २,००० रुपयांपर्यंतचे साहित्य. त्या यादीत शाम्पू आणि तेलही होते, पण ब्लँकेट, मच्छरदाणी, नेलकटर आणि थर्मामीटरही होता. यादी करणाऱ्याने बाळ पाहिलेले असावे! आपल्या अंगणवाडी सेविकेकडे या किटची चौकशी जरूर करावी. विकत घ्यायचे असेल तर डिजिटल थर्मामीटर औषधाच्या दुकानात दोनशे-अडीचशे रुपयांत मिळतो, म्हणजे पावडर आणि लोशनच्या किमतीत.

थर्मामीटर बाळाच्या कोरड्या काखेत धरायचा, हात अंगाशी टेकवून, आवाज होईपर्यंत. ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस ठीक. त्याखाली असेल तर बाळाला फक्त लंगोट-टोपडे ठेवून आईच्या उघड्या छातीशी धरावे, वरून पांघरूण घ्यावे. तरी वाढले नाही, किंवा ३८ वर गेले, तर घरचा काढा नाही, झाडफूक नाही, मेडिकलवाल्याचे थेंब नाहीत, लगेच दवाखाना. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळे होती. औषधे आणि मनुष्यबळाच्या तुटवड्याचे प्रश्न तेव्हा योग्यच विचारले गेले. अनेक रुग्ण फार गंभीर अवस्थेत आणले गेले होते, असेही रुग्णालयाने सांगितले. सरकारची जबाबदारी त्याने कमी होत नाही. पण घरात गेलेला अर्धा दिवस आपल्या हातातला असतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवले, आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला. आज आशाताई घरी येतात त्या त्याच वाटेने. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या असतात : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सातवा दिवस अकीक्याचा असतो, घर पाहुण्यांनी भरलेले असते. त्या गर्दीत आशाताईला दारातूनच 'सगळे ठीक आहे' म्हणून परत पाठवू नका. बाळाचे वजन करून घ्या, नाळ दाखवा. बाळ नीट चोखत नसेल, छाती आत ओढून श्वास घेत असेल, तळवे पिवळे दिसत असतील, तर १०२ किंवा १०८ ला फोन करा; सरकारी दवाखान्यात आजारी बाळाची ने-आण आणि उपचार मोफत आहेत. हे दोन आकडे आणि आशाताईचा नंबर पाळण्याजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा.