विश्लेषण : बशीत एक घास, ग्लासात दोन घोट, तरी हिशेब साडेचार पेगचा कसा?

मोठी पांढरी बशी, मधोमध जेमतेम एक घास आणि शेजारच्या ग्लासात तळाशी थोडीशी वाइन. असे आठ-दहा वेळा. मुंबई, पुणे, गोवा येथे वाढदिवस किंवा लग्नाच्या वाढदिवसानिमित्त असे जेवण घेणाऱ्यांची संख्या आता लहान राहिलेली नाही. समाजमाध्यमांवर त्याची छायाचित्रे येतात, तशीच ‘इतके पैसे देऊन घरी येऊन वरणभात खाल्ला’ अशी थट्टाही येते. मात्र या जेवणात पोट रिकामे राहत नाही आणि वाइनही थोडीशी नसते. प्रत्येक गोष्ट लहान मापात येते, त्यामुळे बेरीज करायचे राहून जाते. ती बेरीज येथे करून पाहू.

टेस्टिंग मेन्यू म्हणजे काय?

नेहमीच्या हॉटेलात मेन्यूकार्ड पाहून आपण पदार्थ निवडतो. टेस्टिंग मेन्यूत निवड शेफची असते. सात, दहा, कधी पंधरा पदार्थ ठरलेल्या क्रमाने एकामागून एक येतात आणि संपूर्ण जेवणाची एकच किंमत असते. बहुतेक ठिकाणी टेबलावरील सर्वांनी हाच मेन्यू घ्यावा लागतो. जेवण अडीच-तीन तास चालते.

प्रत्येक पदार्थासोबत त्याला साजेशी वाइन थोडी थोडी दिली जाते, त्याला वाइन पेअरिंग म्हणतात. ते ऐच्छिक असते आणि त्याची किंमत वेगळी लागते. कोणती वाइन कशाबरोबर द्यायची, हे ठरवणाऱ्या जाणकाराला सोमेलिए म्हणतात.

मुंबईत महालक्ष्मीच्या लक्ष्मी मिल्सच्या आवारात २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मास्क’ या रेस्टॉरंटने हा मार्ग धरला आणि पुढे देशातील इतर शहरांतही तो रुळला. बँकॉकमध्ये मूळचे कोलकात्याचे शेफ गगन आनंद यांनी पंचवीसच्या आसपास घासांचा मेन्यू चक्क इमोजींमध्ये छापला होता. दुबईतील ‘ट्रेसिंड स्टुडिओ’ला २०२५ मध्ये मिशलिनचे तीन तारे मिळाले. भारतीय जेवण देणाऱ्या रेस्टॉरंटला तीन तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ होती आणि तेथेही टेस्टिंग मेन्यूच असतो.

ही कल्पना आली कुठून?

पाश्चात्त्य जेवणातही पूर्वी सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडले जात. एकामागून एक वाढण्याची ‘रशियन पद्धत’ युरोपात १९व्या शतकात रुजली. १९७०च्या दशकात फ्रान्समधील ‘नूवेल क्विझिन’च्या शेफ मंडळींनी जड सॉस आणि भरलेल्या ताटांना फाटा दिला आणि लहान, नीटस बशा पुढे आणल्या. त्यांच्यापुढे जपानच्या ‘काइसेकी’ जेवणाचा नमुनाही होता. त्याचे टोक स्पेनच्या ‘एल बुली’ने गाठले. तेथे एका बैठकीत तीस-चाळीस पदार्थ येत. ते रेस्टॉरंट २०११ मध्ये बंद झाले.

लहान लहान चवी आपल्याला नव्या नाहीत. पानाच्या डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे आणि उजवीकडे भाज्या-आमटी, हाही चवींचा नकाशाच आहे. फरक इतकाच की पान एकदम वाढले जाते आणि कशाबरोबर काय खायचे ते जेवणारा ठरवतो. दुसरा फरक अधिक बोचतो, तो आग्रहाचा. पंगतीत वाढपी ‘अजून एक’ म्हणत मागे लागतो. इथे कितीही आवडले तरी दुसरा घास नाही.

घास इतका लहान का?

केवळ दिखाव्यासाठी, असा समज आहे आणि काही ठिकाणी तो खराही असावा. पण त्यामागे शरीराचे एक साधे गणितही आहे. एकच चव सतत घेतली की तिची गोडी उतरते, चव बदलली की भूक पुन्हा जागी होते. श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीला नको म्हणणारा माणूस मसालेभाताला हो म्हणतो, तो याचमुळे. आहारशास्त्रात १९८०च्या दशकापासून यावर संशोधन झाले आहे. अमेरिकी शेफ थॉमस केलर यांनी आपल्या मेन्यूची मांडणी याच तत्त्वावर केली : पदार्थ नकोसा होण्याआधी बशी उचलायची.

आता बेरीज. दहा पदार्थ, प्रत्येकी ४० ते ५० ग्रॅम, म्हणजे अर्धा किलोच्या आसपास अन्न. वर पाव, लोणी आणि शेवटी दोन गोड पदार्थ. ‘उपाशी राहिलो’ ही तक्रार बहुधा पहिल्या चार बशांपर्यंतच टिकते.

मग इतके महाग का?

कारण खर्च पदार्थांच्या वजनाचा नसून माणसांच्या तासांचा असतो. दहा पदार्थांची दहा वेगळी तयारी, वेगळ्या बशा, वेगळे ग्लास आणि प्रत्येक टेबलाशी येऊन सांगणारे कर्मचारी. एका टेबलावर संध्याकाळी एकदाच, फार तर दोनदा पाहुणे बसतात. म्हणूनच आरक्षण करताना अनेक ठिकाणी आगाऊ पैसे घेतले जातात. आयत्या वेळी कोणी आले नाही, तर मोजून आणलेला माल वाया जातो. पैसे भरण्यापूर्वी परताव्याची अट वाचावी. शाकाहारी, जैन किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांनीही आरक्षणाच्या वेळीच सांगितले, तर पर्याय मिळण्याची शक्यता जास्त.

इतकी किंमत लावूनही गणित जुळतेच असे नाही. कोपनहेगनमधील ‘नोमा’ हे जगातील सर्वोत्तम रेस्टॉरंट म्हणून अनेकदा गौरवले गेले. वर्षानुवर्षे तेथे बिनपगारी उमेदवार राबत होते. त्यांना २०२२ मध्ये वेतन सुरू झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये ‘हे प्रारूप टिकणारे नाही’ असे सांगत संचालकांनी नियमित रेस्टॉरंट बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. चिमट्याने पानावर ठेवलेल्या त्या इवल्याशा फुलामागे कोणाचे तास असतात, हा प्रश्न तेव्हापासून उघडपणे विचारला जातो.

वाइन कशी जुळवतात?

साधारण क्रम हलक्याकडून जडाकडे जातो. आधी बुडबुड्यांची स्पार्कलिंग, मग पांढरी, मग लाल आणि शेवटी गोड. तळलेल्या, खारट पदार्थाबरोबर स्पार्कलिंग छान लागते. बुडबुडे आणि आंबटपणा तोंडातील तेल धुऊन काढतात. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल, तर वाइन पाणचट लागते. मासळीबरोबर लाल वाइन नको म्हणतात, त्यालाही आधार आहे. वाइनमध्ये लोहाचा अंश जास्त असेल, तर माशाची हिवळ चव जिभेवर रेंगाळते, असे जपानी संशोधकांना आढळले आहे.

आपल्याकडची खरी अडचण तिखटाची. मिरचीची आग अल्कोहोलमुळे वाढते आणि लाल वाइनचा तुरटपणा त्यात भर घालतो. त्यामुळे ठेच्याच्या जवळपास जाणाऱ्या पदार्थाशी किंचित गोडसर, कमी अल्कोहोलची पांढरी वाइन बरी. नाशिकमध्ये शेनिन ब्लांक या द्राक्षापासून अशा वाइन बनतात.

रेस्टॉरंटला पेअरिंग का परवडते, हेही पाहण्यासारखे आहे. एकदा उघडलेली वाइन हवेच्या संपर्काने दोन-तीन दिवसांत उतरते. सुटा ग्लास मागणारा एखादाच असेल, तर उरलेली बाटली वाया जाते. पेअरिंगमुळे तीच बाटली एका संध्याकाळी दहा टेबलांवर संपते. महागड्या बाटल्यांसाठी बुचातून सुई घालून वाइन काढणारे आणि रिकाम्या जागी आर्गॉन वायू भरणारे यंत्रही वापरले जाते.

ती ‘थोडीशी’ वाइन किती?

पेअरिंगमधील एक माप साधारण ६० ते ९० मिलिलिटर असते. समजा, ७५ मिलिलिटरचे सहा ग्लास झाले. ते होतात ४५० मिलिलिटर. वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची असते, म्हणजे एकट्याने बाटलीचा सहा दशांश भाग संपवला. दोघांचे मिळून ९०० मिलिलिटर. याच दोघांनी एक बाटली मागवून वाटून घेतली असती, तर प्रत्येकी ३७५ मिलिलिटरवर थांबले असते. ‘चवीपुरती’ म्हणून घेतलेली पेअरिंग अख्ख्या बाटलीपेक्षा जास्त भरते, ती अशी.

आता अल्कोहोल. वाइनमध्ये ते १३ टक्के धरले, तर ४५० मिलिलिटरमध्ये शुद्ध अल्कोहोल सुमारे ५८ मिलिलिटर. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटर पेगमध्ये ते सुमारे १२.८ मिलिलिटर असते. भागाकार केला की साडेचार पेग. घरच्या बैठकीत साडेचार पेग घेणाऱ्याला कोणीही गाडीची किल्ली देणार नाही. येथे मात्र ग्लास कधीच भरलेला दिसत नाही, मध्ये बशा येत राहतात आणि मोजायला कोणी बसत नाही.

गाडी चालवता येईल का?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर तो गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

वरच्या उदाहरणातील ५८ मिलिलिटर म्हणजे सुमारे ४६ ग्रॅम अल्कोहोल. रूढ सूत्राने पाहिले, तर ७० किलो वजनाच्या पुरुषात हे प्रमाण ९५च्या वर जाते. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने ते उतरवते. तीन तासांचे जेवण आटोपून उठताना ते ५०च्या आसपास असेल. ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत तोच हिशेब शंभरच्या घरात जातो, कारण शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी असते. पोटात अन्न असेल तर आकडे थोडे खाली येतात, पण माणसागणिक फरक पडतो. त्यामुळे ‘इतके चालते’ असे ठरवण्यासाठी हा हिशेब वापरू नये. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याचा हबका यांपैकी कशानेही अल्कोहोल उतरण्याची गती वाढत नाही.

टॅक्सीशिवाय आणखी मार्ग आहेत. दोघांत मिळून एकच पेअरिंग घेता येईल का, हे विचारावे. अनेक ठिकाणी हो म्हणतात. प्रत्येक ग्लास किती मिलिलिटरचा, हे विचारण्यात संकोच नको. कोकम, फळांचे रस, कोंबुचा यांची बिनमद्याची पेअरिंगही आता बऱ्याच ठिकाणी मिळते.

बिलात काय काय येते?

समजा, जेवण प्रत्येकी ४,००० रुपये आणि पेअरिंग प्रत्येकी ३,००० रुपये. दोघांचे जेवण ८,००० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी म्हणजे ४०० रुपये. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि महाराष्ट्रात परमिट रूमसाठी तो नोव्हेंबर २०२३ मध्ये पाचवरून दहा टक्के झाला. म्हणजे वाइनच्या ६,००० रुपयांवर ६०० रुपये. एकूण १५,००० रुपये. वाइनवर जीएसटी लावलेला दिसला, तर बिल परत पाठवावे. बड्या तारांकित हॉटेलातील रेस्टॉरंटमध्ये मात्र जेवणावर १८ टक्के जीएसटी असू शकतो.

याच बिलात दहा टक्के सेवाशुल्क आले, तर आणखी १,४०० रुपये. ते द्यायचे की नाही, हे ग्राहकाने ठरवायचे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवाशुल्क आपोआप बिलात टाकता येत नाही, दुसऱ्या नावानेही घेता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना योग्य ठरवल्या. सेवा आवडली तर जरूर द्यावे, नको असेल तर काढायला सांगावे. ऐकले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

नाशिकच्या द्राक्षमळ्यांत हाच नियम लागतो का?

कायदा तोच आणि धोका थोडा जास्त, कारण परतीचा रस्ता महामार्गाचा असतो. नाशिकमध्ये द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि पर्यटकांची गर्दीही तेव्हाच. वायनरीत चव पाहण्यासाठी पाच-सहा वाइन थोड्या थोड्या दिल्या जातात. दिवसात दोन-तीन वायनरी केल्या की बेरीज पुन्हा तीच. चव पाहणाऱ्या व्यावसायिकांना रोज डझनावारी वाइन चाखाव्या लागतात. ते घोट तोंडात घोळवतात आणि शेजारच्या भांड्यात थुंकतात. पाहुण्यांनी तसे केले, तर कोणी वाईट मानत नाही, उलट जाणकार समजतात. त्या भांड्याला इंग्रजीत स्पिटून म्हणतात. मराठीत पिकदाणी हा शब्द तयारच आहे.