मोमेंटस : पारडे फिरविणारा शब्द

इंग्रजीत 'महत्त्वाचा' म्हणायला शब्दांची वानवा नाही. इम्पॉर्टंट आहे, व्हायटल आहे, क्रूशल आहे. त्यांतला मोमेंटस हा शब्द मात्र मुलांना हटकून चकवतो. 'मोमेंट' म्हणजे क्षण, हे त्यांना ठाऊक असते. तेव्हा मोमेंटस म्हणजे क्षणिक, असा हिशेब ती मांडतात. अर्थ नेमका उलटा होतो! क्षणिक तो मोमेंटरी. 'वडिलांनी जमीन विकण्याचा मोमेंटरी निर्णय घेतला' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल, घटकाभराची लहर होती, उतरली असेल. मोमेंटस लिहा, म्हणजे साऱ्या घराची पुढली वाट बदलली हे कळते.

एकाच घरातले हे दोन शब्द असे फटकून का? मूळ लॅटिन शब्द मोमेंटम. 'हलविणे' या अर्थाच्या धातूपासून झालेला. सोनाराचा काटा डोळ्यांसमोर आणा. दोन्ही पारडी समतोल आहेत. एकात गुंजभर सोने पडले की काटा कलतो. तो कलविणारा एवढासा कण, त्यालाही मोमेंटम म्हणत. कण लहान, म्हणून काळाचा लहान अंश, क्षण, हा अर्थ आला. आणि त्याच कणाने पारडे फिरते, म्हणून वजन, महत्त्व हाही अर्थ आला. मोमेंटरी पहिल्या वाटेने गेला, मोमेंटस दुसऱ्या. आपणही 'त्याच्या शब्दाला वजन आहे' असे म्हणतोच की!

तेव्हा जिच्यामुळे पुढचे सारे बदलते, अशा घटनेला वा निर्णयाला हे विशेषण शोभते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, ती घटना मोमेंटस. शाळेचे स्नेहसंमेलन? छे, ते दर साल होते. माणसालाही हा शब्द सहसा लावीत नाहीत. 'मोमेंटस पुढारी' कानाला खटकते.

उच्चारात मोमेंटसचा जोर 'में'वर, मोमेंटरीचा पहिल्या 'मो'वर. गुरुजींनी दोन्ही शब्द वर्गात मोठ्याने म्हणवून घ्यावेत. डोळ्यांआधी कान फरक धरतो.

आणि हो, बक्षीस समारंभात सर्रास ज्याला 'मोमेंटो' म्हणतात, त्याचे या कुळाशी काही नाते नाही बरं का. तो मेमेंटो, 'आठवण ठेव' अशा अर्थाचा लॅटिन शब्द. आपले 'स्मृतिचिन्ह' काय वाईट आहे?