फॅमिली डॉक्टर आणि अवधान-न्यूनता अतिचंचलता विकार : कॉटन ग्रीन परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन हा परिसर कापसाच्या बाजारामुळे आणि वखारींमुळे ओळखला जाऊ लागला. लगतच्या काळाचौकी, लालबाग व परळ भागांतील चाळींमध्ये गिरणी व गोदी कामगारांची कुटुंबे स्थिरावली. या वस्तीत आजारपणात प्रथम गाठला जातो तो कोपऱ्यावरचा फॅमिली डॉक्टर. एकाच कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्या त्याच्या परिचयाच्या असतात. 'मूल एका जागी बसत नाही, अभ्यासात लक्ष नाही' ही पालकांची तक्रारही बहुधा त्याच्याच कानी पडते. अशा मुलांमधील अवधान-न्यूनता अतिचंचलता विकाराचे, म्हणजेच एडीएचडीचे, निदान व औषधयोजना या डॉक्टरने स्वतः करावी काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निदानाचे स्वरूप

या विकाराचे निदान रक्ततपासणीने वा मेंदूच्या चित्रणाने होत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार अनवधानाच्या अथवा अतिचंचलतेच्या ९ लक्षणांपैकी किमान ६ लक्षणे ६ महिने टिकून असावी लागतात. १७ वर्षे व त्यापुढील वयात ५ लक्षणे पुरेशी मानली जातात. काही लक्षणे १२ वर्षांच्या वयापूर्वी दिसलेली असणे, ती घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळणे आणि त्यांमुळे दैनंदिन व्यवहारात बाधा येणे हेही आवश्यक आहे. म्हणजेच शिक्षकांच्या निरीक्षणाशिवाय निदान अपुरे राहते.

याखेरीज ऐकण्यातील वा दृष्टीतील दोष, रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, अपस्माराचे सौम्य झटके, अध्ययन अक्षमता आणि अपुरी झोप यांमुळेही मूल असेच वागू शकते. दहा बाय दहाच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत दूरदर्शन संच सुरू असेल, तर मुलाची झोप पुरी होत नाही. ही घरची परिस्थिती रुग्णालयातील तज्ज्ञाला विचारून घ्यावी लागते. फॅमिली डॉक्टरला ती पूर्वीपासूनच ठाऊक असते.

कायद्याची बाजू

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०२५ मध्ये प्रशिक्षित फॅमिली डॉक्टरांना आधी निदान झालेल्या रुग्णांची औषधे पुढे चालू ठेवण्याची मुभा दिली. तेथे नियम बदलावा लागला. भारतातील स्थिती निराळी आहे. मिथाइलफेनिडेट हे प्रमुख औषध औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट 'एक्स'मध्ये, तसेच १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते. परिशिष्ट 'एक्स'मधील औषधासाठी नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाची दोन प्रतींतील चिठ्ठी लागते व विक्रेत्याला एक प्रत दोन वर्षे जपून ठेवावी लागते. ही चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञाचीच असावी, असे विक्रीच्या या नियमात म्हटलेले नाही. मात्र २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे औषध दूरध्वनीवरून वा चित्रसंवादाद्वारे लिहून देता येत नाही. रुग्णाला प्रत्यक्ष तपासणेच भाग असते.

व्यवहारातील अडचणी

नियमाचा मोठा अडसर नसूनही अडचणी राहतातच. सविस्तर मुलाखतीस तासभर वेळ लागतो. गर्दीच्या दवाखान्यात एका रुग्णास काही मिनिटेच मिळतात. परिशिष्ट 'एक्स'मधील औषधांच्या विक्रीसाठी स्वतंत्र परवाना लागत असल्याने ती प्रत्येक दुकानात उपलब्ध नसतात. शिवाय कामगार वस्त्यांतील अनेक दवाखाने आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर चालवितात. त्यांच्या बाबतीत आधुनिक औषधे लिहिण्याच्या अधिकाराचा प्रश्न वेगळा व वादग्रस्त आहे.

दुसरीकडे, देशात लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. परळ येथे केईएम आणि वाडिया बालरुग्णालय जवळच असल्याने कॉटन ग्रीन परिसराला तज्ज्ञसेवा सुलभ आहे, असे वाटेल. परंतु रोजंदारीवरील पालकांच्या दृष्टीने प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाच्या मजुरीचे नुकसान होय. परिणामी उपचार अर्ध्यावर सुटण्याचा धोका राहतो.

जबाबदारीची विभागणी

ब्रिटनमधील २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत यावर एक उपाय दिसतो. निदान व औषधाची सुरुवात या विकारातील तज्ज्ञाने करावी आणि मात्रा स्थिर झाल्यावर पुढील देखरेख फॅमिली डॉक्टरने सांभाळावी, अशी ती योजना आहे. मिथाइलफेनिडेटने भूक व झोप कमी होऊ शकते, तसेच नाडी व रक्तदाब वाढू शकतो. म्हणून उंची, वजन, नाडी व रक्तदाब नियमितपणे नोंदवावे लागतात. हे काम चाळीलगतच्या दवाखान्यात सहज होण्याजोगे आहे. शाळेतील प्राथमिक तपासणीसाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत या विकाराचा समावेश आहेच.

समारोप

या विकाराच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी चूक संभवते. निदान न झाल्यास मूल 'मस्तीखोर' वा 'आळशी' ठरून मार खाते. घाईने निदान झाल्यास उपाशी, अर्धवट झोपलेल्या वा नीट ऐकू न येणाऱ्या मुलाला अनावश्यक औषध दिले जाते. फॅमिली डॉक्टरने एकट्याने चिठ्ठी लिहिण्यापेक्षा ओळख, पाठवणी व देखरेख ही तीन कामे नेमकेपणाने करणे अधिक हितावह ठरते. हा प्रश्न महाविद्यालयातही येऊन पोहोचतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ दिव्यांगत्वांत या विकाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे वारंवार अर्धवट उत्तरपत्रिका देणारा, तोंडी परीक्षेत मात्र चमकणारा विद्यार्थी नजरेतून निसटू शकतो. निदान करणे हे प्राध्यापकांचे काम नव्हे. परंतु वर्गातील निरीक्षण लेखी स्वरूपात डॉक्टरांपर्यंत पोहोचविणे त्यांना निश्चितच शक्य आहे.