जागा बदलली, परवानगीची यादी तीच!

संगणकाच्या धंद्यातील घडामोडींशी आंबेडकरी चळवळीचा संबंध काय, असा प्रश्न काही कार्यकर्ते आम्हाला विचारतात. आमचे उत्तर सरळ आहे. सत्ता पूर्वी दप्तरात राहत होती, आज ती संगणकात राहते. दप्तर कोणाच्या हाती आणि त्यात कोणाला शिरकाव, हा प्रश्न आमच्या समाजाने पिढ्यानपिढ्या भोगलेला आहे. म्हणून आज आम्ही एका आडवळणाच्या धंद्याविषयी लिहीत आहोत. त्याचे नाव फाईल व्हर्च्युअलायझेशन आणि डेटा मायग्रेशन. साध्या मराठीत सांगायचे तर, फायलींचे स्थलांतर, आणि तेही कोणाला पत्ता लागू न देता!

२००० नंतरच्या दशकात अमेरिकेत या कामात अनेक छोट्या नवउद्योग कंपन्या पुढे आल्या. रेनफिनिटी, नियोपाथ, अकोपिया ही त्यांतली काही नावे. बड्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत तेव्हा फायली ठेवणाऱ्या सर्व्हर यंत्रांची भाऊगर्दी झाली होती. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या संगणकात त्या यंत्राचा पत्ता कोरलेला असे. यंत्र भरले वा जुने झाले की फायली हलवाव्या लागत, आणि फायली हलल्या की पत्ता चुकत असे. मग एक तर काम बंद ठेवा, नाही तर रात्री-रविवारी जागून उरका.

या कंपन्यांनी तोड काढली. माणूस आणि यंत्र यांच्या मध्ये त्यांनी एक थर उभा केला. माणसाला दिसते ते फक्त नाव. त्या नावामागची फाईल आज कोणत्या यंत्रात आहे, हे मधला थर जाणतो. त्यामुळे काम चालू असतानाच फाईल उचलून दुसरीकडे नेता येते, नाव मात्र तेच राहते. कल्पना एवढी उपयोगी ठरली की बड्यांनी या छोट्या कंपन्या विकत घेतल्या. ईएमसीने २००५ मध्ये रेनफिनिटी घेतली. २००७ मध्ये सिस्कोने नियोपाथ घेतली, आणि त्याच वर्षी सिॲटलच्या एफ-फाइव्ह कंपनीने २१ कोटी डॉलर मोजून अकोपिया घेतली.

येथवर सारे कौतुकाचे. पण खरी मेख पुढे आहे. प्रत्येक फाईलला एक यादी चिकटलेली असते. कोणी वाचावे, कोणी लिहावे, कोणी हातही लावू नये, याची ती यादी. विंडोजमध्ये या यादीत माणसाचे नाव नसते, त्याला दिलेला एक लांबलचक क्रमांक असतो. एखाद्याला थेट नकार लिहिलेला असेल, तर तो त्याच्या परवानगीच्या आधी वाचला जातो. माणसाचे खाते नव्या व्यवस्थेत नेले तर त्याला नवा क्रमांक मिळतो, पण जुना क्रमांकही ‘सिड हिस्टरी’ या नावाने सोबत देण्याची सोय आहे. म्हणजे नव्या घरात गेलात तरी जुनी ओळख पाठीला बांधलेलीच!

ही यादी सोबत न्यायची की नाही, हे यंत्र ठरवत नाही. विंडोजमधील रोबोकॉपी ही साधी आज्ञा मजकूर आणि तारखा आपोआप नेते, परवानग्याही न्यायच्या असतील तर तसे वेगळे सांगावे लागते. सांगणारा माणूसच असतो. आणि ज्याला काम लवकर उरकायचे असते, तो यादी न वाचताच ‘सगळे उचला’ म्हणतो. स्थलांतर कोणाच्या लक्षात आले नाही, याचीच शाबासकी मिळते. मग जुना अन्यायही कोणाच्या लक्षात न येता नव्या यंत्रात जाऊन बसतो.

आम्ही कायद्याचे विद्यार्थी आहोत. आम्हाला येथे २६ जानेवारी १९५० आठवतो. त्या दिवशी या देशाने केवढे मोठे स्थलांतर केले! कलम ३७२ ने जुने सारे कायदे पुढे चालू ठेवले, कारण राज्याचा कारभार एक दिवसही थांबून चालणार नव्हता. पण बाबासाहेबांच्या नेतृत्वाखालील मसुदा समितीने ‘सगळे उचला’ म्हटले नाही. कलम १३ ने दारात पहारा बसवला. मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढा जुना कायदा रद्द, आणि कायद्याचे बळ असलेली रूढीसुद्धा त्या तपासणीतून सुटणार नाही. कलम १७ ने तर अस्पृश्यतेची नोंदच यादीतून खोडली. सामान हलवा, पण यादी वाचून हलवा, हा संविधानाचा धडा आहे.

हा धडा विसरले की काय होते? १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी डॉ. केतकरांचा हवाला देऊन बजावले होते की, हिंदू माणूस परदेशी गेला तर जातीचा प्रश्नही जगाचा होईल. १०४ वर्षांनी, जून २०२० मध्ये, कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क विभागाने सिस्कोवर दावा लावला. दलित अभियंत्याला दोन वरिष्ठ भारतीय सहकाऱ्यांनी जातीवरून डावलले, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. एप्रिल २०२३ मध्ये विभागाने त्या दोघांवरील दावा मागे घेतला, कंपनीवरील कायम ठेवला. आरोपाचा निवाडा न्यायालयाचा विषय आहे, आम्ही तो करत नाही. पण प्रश्न जगापुढे आला, हे कोण नाकारील?

फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातीभेदाला नाव घेऊन बंदी केली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. तेथील आंबेडकरी बंधू-भगिनी त्यासाठी साक्षी द्यायला उभ्या राहिल्या. कॅलिफोर्नियाचे तसेच विधेयक मात्र विधिमंडळात मंजूर होऊनही राज्यपाल न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये परत पाठवले. आहे तो कायदा पुरेसा आहे, हे त्यांचे कारण. ज्याच्यावर बेतत नाही, त्याला जुनी यादी नेहमीच पुरेशी वाटते!

आमच्या मुलामुलींनी संगणक शिकावा, हे आम्ही वीस-पंचवीस वर्षे सांगत आलो. ती शिकली, कंपन्यांत गेली, परदेशीही गेली. आता पुढचे सांगायचे आहे. केवळ सामान वाहणारे हात होऊ नका. ज्या टेबलावर परवानगीची यादी लिहिली जाते, तेथे बसा. कचेरीत बसा, संगणकाच्या खोलीत बसा, विधिमंडळातही बसा. आणि प्रत्येक स्थलांतराच्या वेळी एकच प्रश्न विचारा : ही यादी कोणी लिहिली, आणि ती पुन्हा तशीच का उचलता?

जयभीम!